नाकाडीचा पिवळा दिवा

नाकाडी पुन्हा पिवळी झाली आणि ऐन रंगात आलेला सराव टाकून उगवती क्रीडा मंडळाच्या पोरी गुमान शेडबाहेर येऊन उभ्या राहिल्या. नियमच होता तसा. नाकाडी म्हणजे भिंतीवर टांगलेली वीतभर लांबीची पांढरी डबी. सरकारी कागदावर तिचं नाव 'वायुपरीक्षक' असं भारदस्त होतं. पण तासगावकरांनी पहिल्या दिवसापासून तिला नाकाडी म्हणायला सुरुवात केली, कारण दिवसभर हुंगण्यापलीकडे ती काही करत नसे. हवा स्वच्छ असली की हिरवा दिवा, साथीचा संशय आला की पिवळा, खात्री पटली की लाल. पिवळा दिवा पाच मिनिटं टिकला तर जागा रिकामी करायची आणि सगळ्यांनी तपासून घ्यायचं. दुसरी साथ येऊन गेल्याला तीन वर्षं झाली होती, तरी शाळा, मंगल कार्यालयं, सलूनं, जिथे म्हणून चार माणसं एका छपराखाली यायची तिथे नाकाडी टांगलेली असायचीच.

उगवतीची नाकाडी मात्र सगळ्यांचा अंत पाहत होती. सराव सुरू झाला की ती पिवळी व्हायची, पोरी तपासून यायच्या आणि एकीलाही काही झालेलं नसायचं. डबी बदलली, तर नवीही पिवळी. मंडळाची मॅट एका जुन्या बेदाण्याच्या शेडमध्ये अंथरलेली होती, म्हणून कुणी म्हणालं, बेदाण्याला देतात त्या, भिंतीत मुरलेल्या गंधकाच्या धुरीचा हा प्रताप असणार. भिंती घासून चुना मारला. नाकाडीने चुन्यालाही दाद दिली नाही. जिल्ह्याची अंतिम फेरी जवळ आलेली आणि सराव म्हणावा तर अर्धा वेळ शेडबाहेर उभं राहण्याचा, असा सगळा मामला होता.

त्या दिवशीही बाहेर उभ्या असलेल्या पोरींची नजर हळूच रसिका मगदूमकडे वळली. रसिकाने ती पाहिली आणि बुटाची नाडी सुटलेली नसताना वाकून बांधायला घेतली.

रसिका डावा कोपरा सांभाळायची. कबड्डीत बचावाच्या पोरी जोडीजोडीने एकमेकींचे हात धरून उभ्या राहतात, त्याला साखळी म्हणतात. चढाई करणारी आत शिरली की साखळी तिच्याभोवती वळते आणि तिची परतीची वाट अडवते. हात सुटला की वाट मोकळी. रसिकाचा उजवा हात असायचा गोदीच्या डाव्या हातात. गोदी म्हणजे गोदावरी सूर्यवंशी. आजीचं नाव ठेवल्याचा राग तिने आयुष्यभर दुसऱ्यांना हसवून काढला. शाळेपासून दोघी एका बाकावरच्या. साथीच्या आधी या जोडीच्या तावडीतून सुटलेली चढाईबाज जिल्ह्यात शोधावी लागायची.

साथीत रसिका कित्येक आठवडे वॉर्डात होती. दोन्ही बाजूंच्या खाटा रिकाम्या होताना तिने पाहिल्या. जवळ येऊ नका, जवळ येऊ नका, एवढं एकच वाक्य तिने तिथे दिवसरात्र ऐकलं. ती खडखडीत बरी होऊन घरी आली. फुप्फुसं अशी साफ की डॉक्टरांनी पाठ थोपटली. पण चढाई करणारी 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोर आली आणि तिचा ऊन श्वास गालाला लागला की रसिकाच्या मानेवर काटा यायचा, तळहाताला घाम फुटायचा आणि बोटं तिला न विचारता उघडायची. हात सुटायचा. समोरची हसत निघून जायची.

प्रशिक्षक चौगुलेसरांनी त्या संध्याकाळी तिला बाजूला घेतलं. माणूस रागीट नव्हता, म्हणून त्यांचं बोलणं जास्त लागलं. अंतिम सामन्यात तिला कोपऱ्यावर उभं करीन, म्हणाले, पण साखळी एकदा जरी सुटली तर बदली खेळाडू आत येईल, आणि मग पुढच्या वर्षीचंही काही सांगता येणार नाही. रसिकाने मान हलवली. तिला कबड्डीशिवाय दुसरं काही नीट करता येत नव्हतं आणि हे तिला फार चांगलं ठाऊक होतं.

गोदीने नेहमीसारखं हसण्यावारी नेलं. "काय गं, माझ्या हाताला काटं हाईत काय?" असं विचारून तिने तळवा पुढे केला. पूर्वी त्याच तळव्यात मूठभर बेदाणे असायचे आणि दोघी एकाच मुठीतून खायच्या. साथीनंतर ते बंद झालं. कोणी बंद केलं, कधी केलं, दोघींनाही सांगता आलं नसतं.

मग एके दिवशी मिरजेहून डॉ. निलोफर मुजावर आल्या. नाकाडी बनवणाऱ्या संस्थेत त्या काम करायच्या, आणि महिनाभर खोटा पिवळा दिवा देणारी डबी त्यांच्या डोक्यात अशी बसली होती की दुरुस्तीला माणूस पाठवण्याऐवजी त्या स्वतःच निघाल्या. पस्तिशीची, चष्मा सारखा कपाळावर चढवून मग तो शोधत बसणारी ही बाई शेडच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून बसली, आणि तीन दिवस पोरींना नुसतं खेळायला सांगून नाकाडीकडे टक लावून पाहत राहिली.

तिसऱ्या दिवशी खेळ चालू असतानाच त्या ताडकन उठल्या. चहाचा कप लवंडला, तिकडे त्यांचं लक्षही गेलं नाही. सगळ्यांना मॅटवर बसवून त्या बोलू लागल्या आणि बोलता बोलता येरझाऱ्या घालू लागल्या.

नाकाडीच्या पोटात, त्यांनी सांगितलं, नखाएवढ्या पातळ चकत्यांची रांग असते. हवेतले वेगवेगळे रेणू वेगवेगळ्या चकतीला चिकटतात आणि तिच्यातली वीज कमीजास्त होते. सगळ्या चकत्या मिळून हवेच्या वासाचं एक चित्र तयार होतं. पण ते चित्र आजाराचं की निरोगी माणसाचं, हे नाकाडीला जन्मतः कळत नाही. तिला शिकवावं लागतं. लहान मुलाला हजार कावळे आणि हजार चिमण्या दाखवाव्यात तसे तिला आजारी माणसांच्या श्वासाघामाचे हजारो नमुने हुंगवले, निरोगी माणसांचे हजारो हुंगवले आणि फरक तिचा तिला शोधू दिला.

"आणि तिथंच आम्ही घोळ घातला," निलोफर म्हणाल्या. "आजाऱ्यांचे नमुने आम्ही आणले वॉर्डांतून. त्या माणसांना आजार होता, तशी जिवाची भीतीही होती. निरोगी नमुने घेतले आमच्याच कँटीनमधून. तिथे ना आजार, ना भीती. भीतीच्या घामाचा वास वेगळा असतो. कुत्र्याला तो कळतो, आपल्या मेंदूलाही कळतो, फक्त आपल्याला पत्ता लागत नाही. यंत्राने दोन्ही वास एकाच गाठोड्यात बांधले. त्याच्या लेखी भ्यालेला तो आजारी. तुमच्या शेडमध्ये आजार नाहीच. इथे भीती आहे."

पोरी एकमेकींकडे पाहू लागल्या. रसिकाच्या मात्र अंगावर शहारा आला, आणि हा शहारा नेहमीचा नव्हता. एखादं कुलूप खटकन उघडावं तसं तिला झालं.

"मॅडम," ती म्हणाली, "मलाबी वॉर्डातच शिकवलंय."

निलोफरनी चष्मा खाली घेतला आणि तिच्याकडे पाहिलं. पुढे त्यांनी आपल्या अहवालात हे वाक्य घालायचा खटाटोप केला, पण वरिष्ठांनी ते काढून टाकलं.

तेव्हा पोरींनी एक अडचण काढली. मध्यंतरी रसिका मावशीकडे जयसिंगपूरला गेली होती, त्या दिवशीही नाकाडी पिवळी झाली होती. मग ती भीती रसिकाची कशी? पण त्याचं उत्तर पोरींनी त्याच दिवशी शोधलं होतं. खुंटीवर रसिकाची जर्सी लटकत होती, ती त्यांनी उचलून उन्हात टाकली होती. निलोफरनाही ते पटलं. घाम कापडात राहतो, म्हणाल्या. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि भीतीची मालकी रसिकाच्या नावावर कायम झाली.

आता नाकाडीला नव्याने शिकवायचं होतं. आजार वेगळा आणि भीती वेगळी, हे कळण्यासाठी तिला निव्वळ भीतीचे नमुने हवे होते, ज्यात आजाराचा अंशही नाही. त्यासाठी रसिकाने स्वतःला पुढे केलं. आपली भीती कुणाच्या तरी कामाची आहे, हे तिने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं होतं.

निलोफरनी आगपेटीएवढी एक छोटी नाकाडी तिच्या बाहीला अडकवली. ती फक्त रसिकाला हुंगायची आणि भीती किती ते लॅपटॉपच्या नाहीतर मोबाईलच्या पडद्यावर रेघ काढून दाखवायची. समोर गोदी बसली आणि तिने रसिकाचा हात धरला. मग विरुद्ध बाजूने खेळणारी एक पोर तोंडाशी तोंड आणून कबड्डी कबड्डी म्हणू लागली. रेघ टेकडी चढावी तशी चढली. माथ्याला पोचली आणि रसिकाची बोटं उघडली. रेघ खाली आली. पुन्हा केलं, पुन्हा तेच. दरवेळी तोच माथा आणि तिथेच सुटलेला हात.

"या वेळी सोडू नकोस," निलोफर म्हणाल्या. "पुढे काय होतं ते मला बघायचंय. तुलाही माहीत नाही, मलाही नाही."

रसिकाने दात आवळले. रेघ माथ्यावर गेली. कानांत घण पडू लागले. बोटांनी उघडायची परवानगी मागितली, आर्जवं केली, तिने ऐकलं नाही. रेघ माथ्यावरच थरथरत राहिली, राहिली, आणि मग कुणी काहीही न करता, हात हातात असताना, समोरच्या पोरीचा श्वास गालावर येत असताना, खाली उतरू लागली.

"उतरली! अगं उतरली की!" रसिका अशी ओरडली की चौगुलेसर बाहेरून धावत आले.

निलोफर तर लहान पोरीसारख्या टाळ्या पिटत होत्या. भीतीला माथा असतो, त्या सांगत होत्या, पण तिथे ती फार वेळ टिकू शकत नाही. शरीराला तेवढा वेळ दम धरवत नाही. आजवर रसिका नेमकी माथ्यावर उडी मारून पळत होती, आणि हात सोडला म्हणून वाचलो, असा तिच्या शरीराचा ठाम समज झाला होता. उतार पलीकडेच होता. तो तिने कधी पाहिलाच नव्हता.

पुढचे दिवस भारलेले गेले. रोज टेकडी चढायची, रोज पलीकडे उतरायचं. माथा बुटका होत चालला. निलोफर रोज नमुने घेऊन मिरजेला पळायच्या आणि दुसऱ्या दिवशी जरा शहाणी झालेली नाकाडी घेऊन यायच्या. रसिकाने तीन वर्षांत पहिल्यांदा आईला कडकडून मिठी मारली. आई रडली. रसिका मात्र मिठीतल्या मिठीत आईच्या खांद्यावरून मोबाईलमध्ये रेघ पाहत होती.

हे नवीन खूळ होतं. छोटी नाकाडी तिच्या बाहीवरून हलेना. बाजारात जाताना रेघ, जेवताना रेघ, हात धरायच्या आधी रेघ. रेघ खाली आहे असं डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती गोदीच्या हाताकडे हात न्यायची नाही. गोदीचं तोंड दिवसेंदिवस लहान होत होतं. निलोफरनी सगळ्या पोरींचे नमुने मागितले तेव्हा एकटीने दिला नाही तो गोदीने. मला कसली आलीये भीती, म्हणाली, उगाच डबडं वाया घालवू नका. एकदा रसिकाने गंमत म्हणून बाहीवरची नाकाडी काढून गोदीच्या गळ्याशी धरली. गोदीने ती फटकन उडवली. नाकाडी भिंतीवर आपटली आणि पडली.

"माझ्याकडं बघायचं असंल तर माझ्याकडं बघ," गोदी म्हणाली. "त्या डबीत काय बघतीस?"

त्यानंतर दोघी कामापुरत्याच बोलू लागल्या.

अंतिम सामना तालुक्याच्या बंदिस्त क्रीडागृहात होता. समोर विट्याचा संघ, आणि त्यांची कर्णधार शलाका पवार, जिचा हात लांब, पाय त्याहून लांब. अंगावर धातूची, प्लास्टिकची कुठलीही वस्तू चालत नाही, म्हणून पंचांनी रसिकाच्या बाहीवरची नाकाडी उतरवायला लावली. तिने रिकाम्या बाहीवरून हात फिरवला. बिनरेघेची ती पहिल्यांदाच मॅटवर उतरत होती.

क्रीडागृहात जुनी नाकाडी तर होतीच. शेजारी निलोफरनी आपली नवी नाकाडी टांगली होती. तिला दोन दिवे होते, एक आजाराचा आणि एक निळा, भीतीचा. संयोजकांनी ती नुसती बघण्यापुरती लावू दिली. निर्णय जुनीच देणार, आणि पाच मिनिटांचा नियम अंतिम सामन्यालाही लागू.

सामना सुरू झाला आणि लोकांनी क्रीडागृह डोक्यावर घेतलं. एक गुण इकडे, एक तिकडे. पूर्वार्धात शलाका दोनदा डाव्या कोपऱ्यावर आली, दोन्ही वेळा रसिका टेकडी चढली, दोन्ही वेळा हात सुटला नाही. चौगुलेसर बाकावरून उठून पुन्हा बसले. उत्तरार्धात विट्याने आघाडी घेतली, उगवतीने ती फेडली, आणि शेवटची चढाई उरली तेव्हा गुण बरोबरीत होते. चढाई शलाकाची. तिने एकीला जरी शिवून मध्यरेषा गाठली तर जिल्ह्याचं विजेतेपद विट्याला, मॅटवरच अडकली तर तासगावला.

नेमकी तेव्हा जुनी नाकाडी पिवळी होऊन बसलेली होती. संयोजकांचा माणूस घड्याळ धरून उभा होता, आणि पाच मिनिटं भरत आली होती. निलोफर पंचांना नव्या नाकाडीकडे बोट दाखवून काहीतरी कळकळीने सांगत होत्या. तिच्यावर आजाराचा दिवा हिरवागार होता आणि निळा भगभगत होता. क्रीडागृहात कुणीतरी भयंकर भ्यालेलं होतं. रसिकाने तो निळा दिवा पाहिला आणि तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. माझ्यामुळे सामना थांबणार, तिला वाटलं.

शलाका आत आली. "कबड्डी कबड्डी कबड्डी." ती उजवीकडे झुकली, मग सरळ डाव्या कोपऱ्यावर. तिचा श्वास रसिकाच्या गालाला लागला. रसिकाने सवयीने आपली टेकडी शोधली.

टेकडी जागेवर होती, पण बुटकी. छाती धडधडत होती, ती खेळाची. मान कोरडी होती. बोटं घट्ट मिटलेली होती आणि उघडायची परवानगी मागत नव्हती. मग निळा दिवा कुणाचा?

तेव्हा तिला तिच्या हातातला हात जाणवला. गोदीचा हात बर्फासारखा गार पडला होता, घामाने थबथबलेला होता आणि बोटाबोटाने निसटत होता. इतके दिवस रसिका आपल्याच तळव्याकडे लक्ष देऊन बसली होती. समोरचा हात गार आहे की ऊन, हे तिने कधी पाहिलंच नव्हतं. खुंटीवरची जर्सी तिला आठवली. त्या दिवशी ती जयसिंगपूरला होती आणि गोदी शेडमध्ये.

"गोदी," ती शलाकावरची नजर न हलवता म्हणाली, "उतरतंय. थांब जरा. मी सोडत न्हाई."

गोदीची बोटं क्षणभर तशीच लुळी राहिली. मग मिटली, आणि अशी मिटली की रसिकाची हाडं कडकडली.

शलाकाने रसिकाच्या पायावर लाथ फिरवली. पाय लागला, गुण तिच्या खिशात, आता फक्त परत जायचं होतं. ती वळली तर वाटेत दोन जोडलेले हात आडवे होते. ती त्यांच्यावर आदळली. साखळी ताणली, वाकली, पण सुटली नाही. रसिकाने डाव्या हाताने तिचा घोटा धरला, गोदी अंगानिशी कोसळली आणि मागून बाकीच्या पोरींचा ढीग पडला. ढिगाखाली शलाकाचा लांब हात मध्यरेषेकडे सरकत गेला, सरकत गेला, आणि रेषेच्या वीतभर अलीकडे तिचा दम संपला. पंचांची शिट्टी झाली.

त्या गदारोळात जुनी नाकाडी कधी हिरवी झाली आणि नवीवरचा निळा दिवा कधी विझला, ते फक्त निलोफरनी पाहिलं. त्या आनंदाने संयोजकांच्या माणसालाच मिठी मारून बसल्या.

पोरी चौगुलेसरांना खांद्यावर घेत होत्या. गोदी मॅटच्या कडेला पाय पसरून बसली होती आणि हमसून हमसून रडत होती. तिला रडताना संघात कुणीच पाहिलं नव्हतं. रसिका तिच्याजवळ बसली. हात अजून सोडलेला नव्हता.

रडता रडता गोदी बोलू लागली. साथीत तिची आई गेली, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कशी गेली ते तिने कुणाला सांगितलं नव्हतं. रुग्णवाहिकेच्या दारात आईने तिचा हात धरून ठेवला होता. सोबत कुणाला नेत नव्हते, म्हणून एकेक बोट उचलून तो सोडवावा लागला.

"तवापासनं कुणाचा हात सुटाय लागला की मला आईची बोटं दिसत्यात," गोदी म्हणाली. "आन तू तर रोज सोडायचीस."

आपली भीती रसिकाने इतक्या बारकाईने पाहिली, रेघ काढून पाहिली, आणि त्याच भीतीने शेजारच्या पोरीला रोज रुग्णवाहिकेच्या दारात नेऊन उभं केलं, हे तिच्या गावीही नव्हतं. तिचेही डोळे वाहू लागले.

"मला सांगायचंस की गं."

"तू आधीच भ्यालीवतीस. दोघींनी भिऊन कसं चालंल?"

निलोफर लॅपटॉप काखेत मारून धावत आल्या. शेवटच्या चढाईत निळा दिवा झरकन उतरला तो कुणाचा, हे त्यांना आत्ताच्या आत्ता हवं होतं. गोदीने नाक पुसलं आणि म्हणाली की उद्या शेडमध्ये नमुना देते, पण ही हात धरून बसणार असेल तरच. निलोफरनी मान डोलावली, चष्मा कपाळावर ढकलला आणि तो शोधत शोधत परत गेल्या.

गोदीने उजव्या हाताने शेजारची पिशवी ओढली, आत चाचपलं आणि मूठभर बेदाणे काढले. तिच्या घामेजल्या तळव्याला ते चिकटून बसले होते. तिने मूठ रसिकापुढे धरली आणि मग आठवण झाल्यासारखी मागे घ्यायला लागली. रसिकाने तिचं मनगट पकडलं, मुठीला तोंड लावलं आणि चारपाच बेदाणे खाल्ले.

"खारट लागत्यात," ती म्हणाली.

"माझा घाम हाय त्यो."

"असू दे. आण आनखी," असं म्हणून रसिकाने डावा हात पुढे केला, कारण उजवा अजून गोदीच्या हातात होता.